घटना लिहून झाली, मग अमेरिकेत बारा वर्षं भांडणं कसली चालली होती?

प्रश्न असा आहे: 1787 साली फिलाडेल्फियात राज्यघटना लिहून झाली, वर्षभरात पुरेशा राज्यांनी ती मान्य केली, वॉशिंग्टन यांच्यासारखा सगळ्यांना चालणारा माणूस अध्यक्ष झाला. तरी पुढची बारा वर्षं तिथे एवढे वाद का झाले? घटना चांगली होती तर अडत कुठे होतं? आणि वॉशिंग्टन नसते तर हे सगळं टिकलं असतं का?

मी घटनात्मक कायदा शिकवतो आणि हा प्रश्न वर्गात हमखास येतो. आपल्याकडे अमेरिकेची गोष्ट वॉशिंग्टन यांच्या शपथविधीपाशी थांबते आणि पुढचं पान थेट लिंकन यांच्यावर उघडतं. मधला काळ गाळला की घटना म्हणजे एकदा लिहिली आणि चालू लागली, असा समज होतो. माझं उत्तर आधीच सांगतो. घटनेने अधिकार वाटून दिले, पण त्या वाटपाचा अर्थ कोणी लावायचा हे कुठेच लिहिलं नाही. भांडण कर्जावरून सुरू होवो, दारूवरच्या करावरून होवो की एखाद्या तहावरून, ते फिरून याच प्रश्नापाशी येत होतं.

आधी 1787 पूर्वीची अवस्था बघा, म्हणजे ही माणसं कशाला घाबरलेली होती ते कळेल. 1781 मध्ये अमलात आलेल्या ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ या करारनाम्यात मध्यवर्ती काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नव्हता. राज्यांकडे पैसे मागायचे आणि वाट बघायची, एवढंच तिच्या हातात होतं. करारात दुरुस्ती करायची तर तेराच्या तेरा राज्यांची संमती हवी. आयात मालावर पाच टक्के शुल्क लावू द्या, इतकी साधी मागणी होती. ती एकदा एकट्या ऱ्होड आयलंडने अडवली आणि दुसऱ्यांदा न्यूयॉर्कने. 1783 च्या जूनमध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या सभागृहाला वेढा दिला, तेव्हा काँग्रेसला ते शहर सोडून प्रिन्स्टनला जावं लागलं. नुकतंच ब्रिटनशी युद्ध जिंकलेल्या देशाची ही स्थिती होती.

त्यावर कळस झाला मॅसॅच्युसेट्समध्ये. तिथल्या पश्चिम भागातल्या शेतकऱ्यांकडे रोकड नव्हती, राज्याला मात्र कर रोखीत हवा होता. कर थकला, सावकाराचं देणं थकलं की कोर्टातून जप्ती. 1786 च्या उन्हाळ्यापासून शेतकऱ्यांनी जमाव करून कोर्टं बंद पाडायला सुरुवात केली. त्यांच्यातले बरेचजण स्वातंत्र्ययुद्धात लढलेले होते. डॅनियल शेज हा तर कॅप्टन होता. जानेवारी 1787 मध्ये ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तोफा डागल्या गेल्या, चारजण मेले. शस्त्रागार काँग्रेसचं होतं, पण ते राखायला काँग्रेसकडे पैसाही नव्हता आणि फौजही. शेवटी बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी आपसात वर्गणी काढली आणि त्या पैशावर राज्याने फौज उभी केली. चार महिन्यांनी फिलाडेल्फियाची परिषद भरली. तिथे जमलेल्यांच्या मनात हे प्रकरण ताजं होतं.

परिषदेचा तपशील सगळीकडे मिळतो, म्हणून त्यावरून पटकन पुढे जातो. 55 प्रतिनिधी आले, 39 जणांनी सह्या केल्या, ऱ्होड आयलंडने कोणाला पाठवलंच नाही. मान्यता मिळवताना मात्र दमछाक झाली: मॅसॅच्युसेट्समध्ये 187 विरुद्ध 168, व्हर्जिनियात 89 विरुद्ध 79, न्यूयॉर्कमध्ये 30 विरुद्ध 27. हे आकडे लक्षात ठेवा. नवं सरकार सुरू झालं तेव्हा मोठ्या राज्यांतले जवळपास निम्मे प्रतिनिधी त्याच्या विरोधात मत देऊन घरी गेलेले होते. त्यांच्यातल्या पुष्कळांची तक्रार नागरिकांच्या हक्कांची यादी नाही ही होती, आणि व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनी 1789 मध्येच दुरुस्त्या मांडून ती बरीचशी शमवली. त्यातल्या दहा दुरुस्त्या 1791 च्या डिसेंबरपर्यंत मंजूर झाल्या.

आता घटनेने कोऱ्या सोडलेल्या जागांचं एक उदाहरण जवळून बघू. तह करायचा तर अध्यक्षाने सिनेटचा ‘सल्ला आणि संमती’ घ्यावी, असं घटना सांगते. सल्ला घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं? वॉशिंग्टन यांनी त्याचा सरळ अर्थ घेतला. 22 ऑगस्ट 1789 रोजी ते युद्धमंत्री नॉक्स यांना सोबत घेऊन स्वतः सिनेटमध्ये गेले. दक्षिणेकडच्या क्रीक वगैरे आदिवासी राष्ट्रांशी करायच्या तहाबद्दल प्रश्न तयार होते, एकेकावर हो किंवा नाही हवं होतं. उपाध्यक्ष अ‍ॅडम्स कागद वाचू लागले, पण रस्त्यावरच्या बग्ग्यांच्या आवाजात कोणाला काही ऐकू येईना. खिडक्या लावल्या, परत वाचलं. मग पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर मॅक्ले उठून म्हणाले की आधी संबंधित कागदपत्रं वाचायला मिळावीत. कोणी सुचवलं की विषय समितीकडे द्यावा. वॉशिंग्टन चिडले, माझ्या येण्याचा हेतूच यामुळे फसतो, असं ते म्हणाल्याची नोंद मॅक्ले यांच्या रोजनिशीत आहे. सोमवारी ते पुन्हा आले, काम उरकलं, पण त्यानंतर असा सल्ला घ्यायला ते कधी सिनेटमध्ये गेले नाहीत. तेव्हापासून पद्धत पडली ती अशी: तह अध्यक्षाने करायचा आणि तयार झाल्यावर सिनेटकडे पाठवायचा. घटनेतल्या ‘सल्ला’ या अर्ध्या भागाचं काय करायचं, ते त्या दोन दिवसांत ठरून गेलं, एक अक्षरही न बदलता.

त्याच उन्हाळ्यात आणखी एक प्रश्न निघाला. मंत्र्याची नेमणूक सिनेटच्या संमतीने होते. मग त्याला काढायचं तर पुन्हा संमती लागते का? घटना गप्प. सिनेटमध्ये मतं समसमान पडली आणि अ‍ॅडम्स यांनी आपलं निर्णायक मत अध्यक्षाच्या बाजूने टाकलं. त्या एका मताचे पडसाद अमेरिकेच्या कोर्टांत अजून उमटतात.

खरी ठिणगी पडली ती पैशावरून. अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी जानेवारी 1790 मध्ये हिशेब मांडला: परदेशी कर्ज 1 कोटी 17 लाख डॉलरच्या आसपास, देशांतर्गत सुमारे 4 कोटी, शिवाय राज्यांची कर्जं अंदाजे अडीच कोटी. त्यांचं म्हणणं होतं की सगळं पूर्ण दराने फेडायचं वचन द्या आणि राज्यांची कर्जंही केंद्राने अंगावर घ्या. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं, आणि होतंही. पण युद्धात पगाराऐवजी मिळालेले रोखे सैनिकांनी पोटासाठी कधीच विकून टाकले होते, रुपयाला चार आणे किंवा त्याहून कमी भावाने. आता पूर्ण किंमत मिळणार होती ती ते रोखे विकत घेऊन बसलेल्या सट्टेबाजांना. मॅडिसन यांनी सुचवलं की आत्ताच्या धारकाला बाजारातला वरचा भाव द्या आणि उरलेली रक्कम मूळ सैनिकाला. प्रस्ताव 36 विरुद्ध 13 मतांनी पडला.

माझं मत विचाराल तर न्याय मॅडिसन यांच्या बाजूला होता. पण हॅमिल्टन जे सांगत होते तेही खरं होतं: एकदा सरकारने विकल्या गेलेल्या रोख्यांत मूळ मालक शोधायला सुरुवात केली, तर पुढे सरकारचा कागद कोणी हातात धरणार नाही. देशाची पत उभी राहिली ती हॅमिल्टन यांच्या मार्गाने, आणि तिची किंमत ज्यांनी मोजली त्या सैनिकांची नावं आज कोणाला माहीत नाहीत.

राज्यांची कर्जं केंद्राने घेण्याचा ठराव एप्रिलमध्ये 31 विरुद्ध 29 असा हरला. व्हर्जिनियाने आपलं बरंच कर्ज फेडलेलं होतं. मॅसॅच्युसेट्सचं ओझं आपण का उचलायचं, असा तिथल्यांचा सवाल. जूनमध्ये परराष्ट्रमंत्री जेफरसन यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर तडजोड झाली: कर्जाला होणारा विरोध सैल करायचा आणि कायमची राजधानी दक्षिणेला, पोटोमॅक नदीच्या काठी न्यायची. आजचं वॉशिंग्टन शहर या सौद्यातून आलं.

मग राष्ट्रीय बँक. घटनेत बँकेचं नाव नाही. वॉशिंग्टन यांनी सही करण्याआधी लेखी मतं मागवली. जेफरसन म्हणाले, दिलेले अधिकार वापरण्यासाठी ‘आवश्यक’ ते कायदे करा असं घटना म्हणते. बँकेवाचून काम अडत नसेल तर ती आवश्यक नाही. हॅमिल्टन म्हणाले, उद्दिष्ट घटनेत बसत असेल आणि साधन त्याला उपयोगी असेल, तर तेवढं पुरे. वॉशिंग्टन यांनी फेब्रुवारी 1791 मध्ये सही केली. मॅडिसन यांनी प्रतिनिधिगृहात बँकेला घटनाबाह्य ठरवत कडाडून विरोध केला होता. त्याच मॅडिसन यांनी अध्यक्ष या नात्याने 1816 मध्ये दुसऱ्या बँकेच्या कायद्यावर सही केली. हा प्रश्न इतक्या वर्षांच्या वहिवाटीने आणि लोकांच्या मान्यतेने निकाली निघाला आहे, अशी त्यांची भूमिका होती. याला कोणी कोलांटउडी म्हणतं. मला तो घटनेच्या अर्थाबद्दलचा गंभीर विचार वाटतो: मजकूर संदिग्ध असेल, तर देशाने तो दीर्घकाळ कसा वापरला यालाही वजन असतं.

कर्ज फेडायचं म्हणजे कर आला, आणि 1791 मध्ये व्हिस्कीवर अबकारी कर बसला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून हा कर बघा. अ‍ॅलेगेनी डोंगर ओलांडून धान्य पूर्वेला नेणं परवडत नाही. तेच धान्य गाळून दारू केली तर घोड्याच्या पाठीवरून जातं. रोकड दुर्मीळ असल्याने तिथे व्हिस्की हेच चलन, मजुरीसुद्धा तिच्यात चुकवत. कर मात्र नाण्यात. आणि कर चुकवल्याचा खटला चालणार फिलाडेल्फियात, सुमारे 300 मैलांवर. तिकडे जाऊन येण्यातच छोट्या शेतकऱ्याचा हंगाम बुडायचा. सरकारने कायदा बदलून खटले जवळच्या कोर्टात चालवायची सोय केली, पण जुन्या नियमाखालची समन्स निघून चुकली होती. जुलै 1794 मध्ये ती बजावायला गेलेल्या मार्शलबरोबर, म्हणजे केंद्राच्या कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्याबरोबर, कर निरीक्षक जॉन नेव्हिल होते. जमावाने नेव्हिल यांच्या घराला वेढा घातला, गोळीबार झाला, घर जाळलं. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला पिट्सबर्गजवळ काही हजार माणसं जमली.

इथे वॉशिंग्टन कसे वागले ते नीट बघण्यासारखं आहे. 1792 च्या कायद्यानुसार राज्यांचं नागरी दल बोलवायचं तर कायदा अंमलात आणणं नेहमीच्या यंत्रणेच्या आवाक्याबाहेर गेलंय, असं न्यायाधीशाने कळवावं लागे. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जेम्स विल्सन यांच्याकडून तसं पत्र घेतलं. मग बंडखोरांकडे बोलणी करायला आयुक्त पाठवले. ते जमेना तेव्हा चार राज्यांतून जवळजवळ 13,000 माणसं गोळा केली आणि काही अंतर स्वतः त्यांच्याबरोबर गेले. फौज पोहोचेपर्यंत बंड विरून गेलं होतं. दोघांना देशद्रोहाची शिक्षा झाली, दोघांनाही वॉशिंग्टन यांनी माफी दिली. शेजच्या वेळी व्यापाऱ्यांच्या वर्गणीवर काम भागवावं लागलं होतं. सात वर्षांत केंद्र सरकार कायद्याची पायरी न चुकवता एवढी फौज उभी करू शकलं. अमेरिकेच्या इतिहासातला हा प्रसंग मला निवडणुकांइतकाच मोलाचा वाटतो.

त्यानंतर मात्र त्यांनी काँग्रेसपुढच्या भाषणात ‘आपणहून उभ्या राहिलेल्या’ राजकीय मंडळांवर बंडाचा ठपका ठेवला. मॅडिसन यांनी उत्तर दिलं की ठपका ठेवायचा अधिकार लोकांचा सरकारवर आहे, सरकारचा लोकांवर नाही. इथून पुढे वाद मुद्द्यांवरून निष्ठेवर घसरला.

1795 चा ‘जे करार’ हा त्याचा पुढचा टप्पा. ब्रिटनशी युद्ध टाळण्यासाठी सरन्यायाधीश जॉन जे यांनी केलेला तह सिनेटमध्ये 20 विरुद्ध 10, म्हणजे काठावरच्या दोन-तृतीयांश मतांनी मंजूर झाला. तो अमलात आणायला पैसा लागणार होता आणि तो मंजूर करणार प्रतिनिधिगृह. गृहाने वाटाघाटींचे कागद मागितले, वॉशिंग्टन यांनी नकार दिला. नकारात त्यांनी फिलाडेल्फिया परिषदेच्या कामकाजाचा दाखला दिला. ती कागदपत्रं त्यांच्याच ताब्यात होती. मॅडिसन यांचं प्रत्युत्तर असं की घटना लिहिणाऱ्यांच्या मनात काय होतं ते प्रमाण नाही, ज्या राज्य परिषदांनी ती मान्य केली त्यांचं म्हणणं बघा. दोघेही त्या खोलीत चार महिने बसलेले होते, आणि त्या खोलीतल्या चर्चेला किती महत्त्व द्यायचं यावर त्यांचं एकमत नव्हतं. पैसे शेवटी 51 विरुद्ध 48 मतांनी मंजूर झाले.

एका प्रश्नावर मात्र सगळ्यांनी ठरवून तोंड मिटलं. 1790 च्या जनगणनेत सुमारे 39 लाख लोकसंख्येत जवळपास 7 लाख माणसं गुलाम होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनियाच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अर्ज काँग्रेसकडे आला. सही होती बेंजामिन फ्रँकलिन यांची, त्यांच्या मृत्यूच्या दोन महिने आधी. प्रतिनिधिगृहाने मार्चमध्ये ठरवलं की राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीत ढवळाढवळ करायचा आपल्याला अधिकार नाही. बँकेसाठी अधिकार शोधून काढणारी ती सभागृहं इथे अधिकार नाही म्हणून मोकळी झाली. 1793 मध्ये तर पळून गेलेल्या गुलामाला धरून परत नेण्याचा कायदा त्यांनी केला.

1798 साली, अ‍ॅडम्स अध्यक्ष असताना आणि फ्रान्सशी समुद्रावर चकमकी सुरू असताना, राजद्रोहाचा कायदा आला: सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं आणि द्वेषमूलक लिहिणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद, 2,000 डॉलरपर्यंत दंड. उपाध्यक्षाचं नाव त्या यादीत नव्हतं, कारण उपाध्यक्ष जेफरसन होते, विरोधी बाजूचे. व्हरमाँटचे खासदार मॅथ्यू लायन यांना चार महिने तुरुंगात टाकलं. तुरुंगात असतानाच ते पुन्हा निवडून आले. कोर्टांत फेडरलिस्ट, म्हणजे हॅमिल्टन आणि अ‍ॅडम्स यांच्या पक्षाचे, न्यायाधीश बसलेले, तेव्हा दाद मागायची कुठे? जेफरसन आणि मॅडिसन यांनी पडद्याआडून केंटकी आणि व्हर्जिनियाच्या विधिमंडळांकडून ठराव करवून घेतले: केंद्राचा कायदा घटनाबाह्य आहे का, यावर राज्यंही बोलू शकतात. त्या वेळी हे स्वातंत्र्याच्या बचावासाठी होतं. पुढे याच युक्तिवादाला ताणून दक्षिणेची राज्यं संघातून फुटण्यापर्यंत गेली. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी आपल्या संविधान सभेत मसुदा मांडताना नेमकं यावर बोट ठेवलं होतं: राज्यांना फुटून जाण्याचा हक्क नाही हे ठरवायला अमेरिकेला यादवी युद्ध लढावं लागलं, म्हणून आपण ते सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, वॉशिंग्टन नसते तर. पहिली आठ वर्षं त्यांच्याशिवाय अवघड होती, यात मला शंका नाही. पण सगळ्यात कठीण परीक्षा झाली ती डिसेंबर 1799 मध्ये ते वारल्यानंतर. 1800 च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्यांच्याच बाजूचे एरन बर यांना प्रत्येकी 73 मतं पडली, अ‍ॅडम्स यांना 65. प्रत्येक निर्वाचकाने (अध्यक्ष निवडण्यासाठी राज्याने नेमलेल्या प्रतिनिधीने) दोन नावं लिहायची आणि अध्यक्ष कोण, उपाध्यक्ष कोण हे वेगळं सांगायचं नाही, अशी घटनेतली पद्धत. पक्ष होतील हे लिहिणाऱ्यांनी धरलंच नव्हतं. फैसला गेला प्रतिनिधिगृहाकडे, तोही मावळत्या, फेडरलिस्टांचं बहुमत असलेल्या गृहाकडे. प्रत्येक राज्याला एक मत, 16 पैकी 9 हवीत. 11 फेब्रुवारी 1801 पासून मतदान सुरू झालं: जेफरसन 8, बर 6, दोन राज्यं दुभंगलेली. पुन्हा तेच, पुन्हा तेच. डेलावेअरचे एकटे प्रतिनिधी जेम्स बेयर्ड यांनी शेवटी माघार घेतली, आणि 17 तारखेला 36 व्या फेरीत कोंडी फुटली. त्या फेरीत व्हरमाँटचे फेडरलिस्ट सदस्य बाजूला राहिले आणि राज्याचं मत एकट्याने टाकलं ते मॅथ्यू लायन यांनी. अ‍ॅडम्स यांनी 4 मार्चला पहाटेच शहर सोडलं, शपथविधीला थांबले नाहीत. पण सत्ता सोडली. तीन वर्षांनी बाराव्या दुरुस्तीने मतदानाची ती पद्धत बदलली. तेव्हा माझं उत्तर: वॉशिंग्टन यांनी सवयी पाडल्या, आणि त्यांच्या पश्चात कट्टर विरोधकांनी त्या पाळल्या.

अर्थ कोणी लावायचा, याचं एक उत्तर 1803 मध्ये सरन्यायाधीश मार्शल यांनी मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात दिलं: कायदा काय आहे हे सांगणं न्यायालयाचं काम. ते उत्तर लगेच सर्वमान्य झालं नाही, आणि न्यायालयानेही ते फार जपून वापरलं. काँग्रेसचा कायदा त्याने पुन्हा घटनाबाह्य ठरवला तो थेट 1857 मध्ये, ड्रेड स्कॉट या गुलामीतल्या माणसाच्या खटल्यात. कृष्णवर्णीयांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळू शकत नाही, असा तो निकाल होता. चार वर्षांनी युद्ध पेटलं.